हाताचं माप

मुलीच्या पैंजणाची कडी तुटली म्हणून तिला घेऊन मी डोंबिवलीतल्या सराफाकडे गेलो होतो. शेजारी सत्तरीच्या एक बाई बसल्या होत्या. रुमालाची गाठ सोडून त्यांनी तान्ह्या बाळाच्या सोन्याच्या बिंदल्या काउंटरवर ठेवल्या. पोळ्या लाटून साठवलेल्या पैशांतून नातीच्या बारशासाठी केलेल्या.

"मुलाच्या लग्नाला मी गेले नाही. मग त्यानं बारशाला बोलावलं नाही," त्या म्हणाल्या.

मुलगा ठाण्यात, वर्तकनगरला राहतो. नात आता सहा वर्षांची आहे. बिंदल्या मोडून, नंतरच्या साठवणीची भर घालून त्यांना तिच्यासाठी बांगड्या करायच्या होत्या.

"आजी, नातीला घेऊन या की. माप घेतो," सराफ म्हणाला.

"आणता आली असती तर याच नसत्या का घातल्या?"

मग त्या माझ्या मुलीकडे वळल्या. "कितवीत गं तू?"

"पहिलीत."

"दे बघू हात."

सराफाने मापाची बांगडी चढवली. "अगदी बरोबर बसली."

"थोडी सैल धर. आमचं बोलणं सुरू व्हायला वेळ लागेल."

सराफाने बांगडी काढून माप लिहून घेतलं. मुलीचा हात अजून त्यांच्या हातातच होता.