ह्यांचे मोर आणि चुन्याची बादली

कॉलनीतल्या सगळ्यांना विचारते, आमच्या दारासमोरच्या भिंतीने तुमचं काय घोडं मारलंय? आज सकाळी आम्ही दोघं मेहरूण तलावाला चक्कर मारून आलो, तर पेंटर चुन्याची बादली घेऊन उभा. म्हणे, कमिटीच्या आबांनी भिंत पांढरी करायला सांगितली.

आबा, तुम्ही मोठे, मान आहे. पण विचारायचं तरी!

आमच्या ह्यांचा खांदा आखडलेला. डॉक्टर म्हणाले, भिंतीवर हात हळूहळू वर सरकवा. रिकामा हात सरकवायचा ह्यांना कंटाळा. मग मीच गेरू कालवून दिला, म्हटलं मोर काढा. तेव्हापासून रोज फिरून आलो की खालची वेल माझी, वरचे मोर ह्यांचे. मोर कोंबड्यांसारखे दिसतात, हे मी तोंडावर सांगते. हे म्हणतात, "अन् तुनी वेल? ती ते गांडूळ शे!" असे हसत हसत तास जातो.

आज पेंटरने ब्रश उचलला, तसे हे ओरडले, "ओ भो, थांब!" आणि हात सरळ डोक्याच्या वर गेला. इतके महिने कानाच्या वर जात नव्हता. भिंत राहिली बाजूला, आम्ही दोघं त्या हाताकडेच बघत बसलो.

"अहो, दुखतंय का?"

"नाही ना!"

पेंटरला चहा पाजून परत पाठवलाय. वरची हातभर भिंत अजून कोरी आहे, आता तिथंही ह्यांचा हात पोचेल.

आबा, भिंत आमच्याकडे राहणार की नाही, रविवारपर्यंत इथंच ग्रुपवर लिहा. नुसता अंगठा नको, हो की नाही ते लिहा.