साडी धरणाऱ्याचं नाव

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा सुरतच्या कापड मार्केटात मी साड्यांचे फोटो कॉम्प्युटरात भरायचे. सुरतच्याच डिंडोली भागात, आमच्या गल्लीत कॉम्प्युटर क्लास केलेली मी एकटीच, त्यामुळे तोरा काही कमी नव्हता.

फोटो आले की ते स्कॅन करायचे आणि प्रत्येकाखाली रकाने भरायचे: डिझाइन नंबर, कापड, रंग, काठ आणि शेवटी शेरा. इंग्रजी अक्षरांत आपली मराठी. पहिल्यांदा ‘जांभळा’ टाकून शोधलं आणि शेकडो फोटोंमधून फक्त जांभळ्या साड्या पडद्यावर आल्या, तेव्हा मी अक्षरशः तोंडात बोट घातलं. घरी आईला एक सुई शोधायला सगळी पेटी उपसावी लागायची. इथे नुसतं नाव घेतलं की वस्तू हजर!

फोटो गच्चीवर, उन्हात निघायचे. घड्या घालणारा एक कामगार, आमच्याच खानदेशातला, स्टुलावर उभा राहून साडी दोन्ही हातांनी उंच धरायचा. साडीमागे तो पुरता झाकला जायचा, दिसायची फक्त बोटं. मी शेऱ्यात त्याचं नाव लिहायचे. शेठ चिडायचे, “बेन, आपणे साडी वेचीए छीए, माणस नहि!” साडी विकायची, माणूस नव्हे, हे मलाही कळत होतं. पण आमच्याकडे लग्नात दिलेल्या तांब्यावरसुद्धा देणाऱ्याचं नाव घालतात. मग रणरणत्या उन्हात साडी धरणाऱ्याचं नको? मी हट्टाने लिहीत राहिले.

एका उन्हाळ्यात तो चार दिवसांच्या तापात गेला. महिन्याभराने त्याची बायको तान्ह्या लेकीला घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

“ताई, त्यास्ना एक बी फोटो नही शे घरमा. पोर मोठी व्हई, बाप कसा व्हता इचारी, ते मी काय दखाडू?”

मी त्याचं नाव टाकलं. फोटोंची रांग लागली. गुलाबी, मोरपंखी, केशरी साड्या, आणि प्रत्येकीच्या वरच्या काठावर आठ बोटं.

“हाऊ त्यास्नाच हात शे,” पडद्याला बोट लावत ती म्हणाली आणि रडायला लागली. मला माझीच लाज वाटली. एवढ्या तोऱ्याने नाव जपलं होतं, पण चेहरा कुठे होता?

मग आठवलं. बिघडलेले फोटो पुसून टाका, असं शेठनी दोनदा बजावलं होतं. मी टाळलं होतं, कारण काहीही टाकून देणं माझ्या जिवावर येतं. वाऱ्याने बिघडलेला एक फोटो त्यात होता, म्हणून मी त्या माणसाच्या नावापुढे ‘वारा’ टाइप केलं. एकच फोटो आला. जांभळी साडी वाऱ्याने बाजूला उडालेली, आणि मागे तो, पदर आवरता आवरता फजिती झालेला, सगळे दात दाखवून हसतोय.

आम्ही दोघी बघतच राहिलो. माणूस गेलेला, आणि मी कधीतरी कंटाळून लिहिलेल्या एका शब्दाने तो उन्हात हसत उभा! आजही आठवलं की अंगावर काटा येतो.

मी फोटो छापून दिला. खाली शेराही छापला गेला.

“खाले काय लिखेल शे?” तिने विचारलं.

मी त्याचं नाव वाचलं. मग वाचलं, “गच्ची. वारा.” आणि थांबले. पुढे मीच लिहिलं होतं, ‘निकामी’.