द्रोणागिरीच्या गवतातला डबा

रविवारी सकाळी खांदेश्वरहून रिक्षाने द्रोणागिरीला निघाले. यजमानांना जिओकॅशिंगचा नाद होता. एखादा डबा उघड्यावर लपवायचा, त्याची उपग्रहाने मोजलेली जागा संकेतस्थळावर टाकायची. अनोळखी माणसं शोधत येतात, आतल्या कागदावर नाव लिहितात आणि डबा पुन्हा तिथेच ठेवतात. यजमान गेल्यापासून त्यांच्या डब्याची खातरजमा झाली नव्हती. त्यामुळे महिनाअखेर नोंद कायमची बंद करू, असा निरोप आला होता. मुलगा म्हणाला, "आई, टेन्शन नको घेऊ. बंद होऊ दे." म्हणूनच निघाले.

गोदामांच्या रांगा संपल्या आणि पुढे सपाट माळ पसरला. कमरेएवढं पिवळं गवत, अधूनमधून मातीच्या भरावाचे ढीग, दूर बंदराच्या क्रेन. कुंपणापाशी खुर्ची टाकून बसलेल्या रखवालदाराने हटकलं.

"ओ ताई, तिकडं कुठं? नुसतं गवात हाय."

"गवतच बघायला आलेय."

"बघा की मग. साप बी बघा."

फोनवरचा बाण मला जुन्या मिठागराच्या बांधावर घेऊन गेला आणि तिथेच फिरत राहिला. दगड उलटले, गवत बाजूला केलं. हात चिरला, चप्पल चिखलात रुतून तुटली. डबा नव्हता. उन्हं चढली तरी मी हटले नाही.

चिंबोऱ्यांची (खाडीतल्या खेकड्यांची) टोपली घेतलेली एक आगरी बाई बराच वेळ माझ्याकडे बघत होती.

"काय गो, डबा शोधतंस?"

"हो मावशी. तुम्ही पाहिलात?"

"मीच उचलला. उधानाचं (मोठ्या भरतीचं) पानी बांदावर आलं, वाहून गेला असता. त्या भेंडीच्या झाडावर टांगलाय."

"घरी नाही नेलात?"

"बांदावरची चीज घरी न्यायची नाय. उंचावर ठेवायची. ज्याची हाय त्यो येतो."

"ज्यांचा होता ते वारले."

तिने टोपली खाली ठेवली. "मंग तू आलीस नं," म्हणाली, आणि पदरात बांधलेली भाकरी सोडून अर्धी मला दिली. सोबत सुकटीची चटणी होती. आम्ही भेंडीखाली बसून खाल्लं.

आतला कागद कोरडा होता. अनोळखी नावांच्या खाली मी माझं लिहिलं. डबा तिच्याच गाठीने पुन्हा फांदीला बांधला आणि झाडाखाली उभी राहून नवी जागा मोजली.

घरी येऊन संकेतस्थळाला उत्तर धाडलं: 'मालक वारले. डबा आहे. जागा बदलली आहे. यापुढे मी सांभाळीन.' इतके दिवस सांत्वनाला आलेल्यांनी मला आवराआवर करायलाच सांगितलं होतं: त्यांचे कपडे, पुस्तकं, खाती. आवरून झाल्यावर काय उरतं, ते कोणी सांगितलं नाही.

मुलाने माझं उत्तर वाचलं.

"आणि उद्या भराव त्या झाडापर्यंत आला तर?"

"मग डबा पुढच्या झाडावर जाईल."

"आणि झाडंच संपली तर?"

"तू ये माझ्याबरोबर," म्हटलं, "जागा शोधू."