मोटरीचा फोन

पलूसच्या आमच्या विहिरीवरच्या मोटरीला मोबाईलचा स्टार्टर आहे. रानात लाईट आली की तो वडिलांना फोन करायचा आणि वडील फोनवरूनच मोटर चालू करायचे. वडील वारले, तरी त्यांचा फोन वाजत राहिला. वाजला की आई सवयीनं "आवं, लाईट आली" म्हणायची आणि मग मला साताऱ्याला कळवायची. तिला फोनवरून मोटर चालू करणं जमायचं नाही, म्हणून मी शेजाऱ्याला मोटर चालू करायला सांगायचो. नोकरी सांभाळून हे रोजचं करताना मी पार विटलो. शेवटी स्टार्टरमध्ये वडिलांच्या नंबराऐवजी माझा नंबर घातला आणि आठवडाभर साताऱ्यातूनच उसाला पाणी दिलं. आईला सांगायचं राहूनच गेलं.

शनिवारी घरी आलो, तर वडिलांचा फोन चार्जिंगला लावलेला.

"आता कशाला लावतेस?" मी वैतागलो.

"लावाय नगं व्हय? आठ दिस झालं, रानात लाईटच आली न्हाई बग."