आईच्या अंगठ्याची नानकटाई

वर्ध्याच्या बसस्टँडजवळ आज नानकटाई भाजल्याचा वास आला आणि मी मनाने लहानपणच्या हिंगणीच्या बेकरीत जाऊन पोचले. दिवाळीआधी घरोघरचा मैदा आणि तूप तिथे जाई. ट्रे सरमिसळ होऊ नयेत म्हणून प्रत्येकीने कच्च्या नानकटाईवर आपली खूण दाबायची; कुणी किल्ली, कुणी बटण. आई अंगठा दाबायची.

भट्टी पेटली की बेकरीवाले शालिकभाऊ बोलत नसत, नुसती शिट्टी वाजवत. आईचा ट्रे निघाला की मात्र म्हणत, "वहिनी, तुमची खूण तं मले झोपेतबी ओळखू येते."

गरम नानकटाईच्या त्या खळग्यात मी माझा अंगठा ठेवायचे. तो आत हरवायचा.

"मोठी होजो, मंग बसन," आई म्हणायची.

आज विकत घेतलेली नानकटाई वरून अगदी गुळगुळीत होती. आता माझा अंगठा बसला असता.