तोरणाबाहेरची जोडी

पोळ्याच्या तोरणाखाली मी एकदा टाळ्या मिळवल्या, त्या गोविंदकाकांच्या मेलेल्या मुलावर. हे आधी सांगतो, नाहीतर पुढचं वाचून काकाच तुम्हाला आडमुठे वाटतील.

तसे ते होतेच. केळापूरजवळच्या आमच्या गावात कुणी त्यांना रामराम घातला, की म्हणत, "राम तुयाच घरी ठेव." हळू बोलत ते फक्त बैलांशी. एकुलता एक दिनेश नौदलात लागला तेव्हा पेढे वाटले, तेही भांडल्यासारखे: "घे, खाय. मंग म्हणशीन, देल्ला नाही."

दिनेशचं विमान सरावाच्या वेळी समुद्रात कोसळलं. आतलं कुणीच वाचलं नाही. त्याचा देहही सापडला नाही. भेटायला आलेल्या एकाने विचारलं, "म्हंजे लढाई नव्हती ना?" काका उसळले, "सरावात मेला म्हंजे अर्धाच मेला का बे?"

ती कापसाची वाईट वर्षं. पोळ्याला तोरणाखाली झडत्या म्हणायच्या, जोडलेल्या ओळींतून सरकारपासून सासूपर्यंत सगळ्यांना झोडपायचं, हा आमचा रिवाज. त्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. दिनेश गेला त्याच वर्षी मी ओरडलो:

"कापसाले भाव नाही, बोंडात शिरली अळी,
सरकारचं विमान गेलं दर्याच्या तळी!"

मला सरकार दिसत होतं, यमक दिसत होतं. समोर जोडी धरून उभे असलेले काका दिसले नाहीत. लोक हसले, टाळ्या पडल्या, 'हर हर महादेव'चा गजर झाला. तोरण तुटून पोळा फुटेपर्यंत कुणी बैल हलवत नाही. काकांनी हलवले.

त्यानंतर ते बैल सजवत, पण अंगणातच पुजत. मी माफी मागायला गेलो, तर ओसरीवरूनच खेकसले, "चेष्टा गावासमोर, अन् माफी माह्या घरी कायले? चाल, निंघ!"

गावासमोर उभं राहायचा धीर व्हायला मला कितीतरी पोळे लागले. ज्या वर्षी झाला, त्या वर्षी त्यांना निरोप धाडला. ते जोडी घेऊन आले, पण तोरणाबाहेरच थांबले. कासरा मुठीत आवळलेला, नजर माझ्यावर.

माझी पाळी आली. लोक हसायच्या तयारीत होते. "म्हण ना बे लवकर!" मागून कुणीतरी ओरडलं. मी यमक जुळवून आणलं नव्हतं.

"गोविंदकाका, तुमचा दिनेश कामावर असताना मेला, अन् म्या त्याच्या मरणावर गाव हासवलं. चुकलो मी. माफ करा मले. जोडी आत आणा."