देणगीदार : निरंक

तीस वर्षं एकाच संस्थेच्या ऑफिसात कारकुनी केली, आणि कारकुनाला एक खोड मरेपर्यंत सोडत नाही. कागदावरचा रकाना रिकामा ठेववत नाही. लिहायला काही नसेल तर तिथं ‘निरंक’ लिहायचं. म्हणजे या जागी काही नाही, आम्ही बघून, खात्री करून सांगतोय. मागाहून कुणी त्या जागेत काहीबाही घुसडू नये, म्हणून ही काळजी. हा शब्द मी हजारो वेळा लिहिला असेल. एकदा नको तिथं लिहिला, त्याचं हे रडगाणं आहे.

रिटायर होऊन चार वर्षं झाली होती. एक दिवस कॉलेजातून प्राचार्यांचा फोन आला. दर्जा ठरवणारी समिती येणार आहे, सगळ्या इमारतींचा इतिहास द्यायचाय, “आणि तो तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक आहे, सांगा बरं?” झालं. हरभऱ्याच्या झाडावर चढवायला एवढं वाक्य पुरतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घालून हजर.

आता इतिहास म्हणाल तर असा. शहरातल्या वसतिगृहांत आमच्या पोरांना जागा मिळायची, पण ताट वेगळं असायचं, त्या काळातली गोष्ट. आमच्या म्हणजे वेशीबाहेरच्या वस्त्यांवरच्या. तेव्हा आमच्याच चार शिकलेल्या माणसांनी अंबडच्या अलीकडं एक मुरमाड माळ मिळवला. कुसळसुद्धा धड उगवत नव्हतं तिथं, म्हणून तर मिळाला. पहिली पत्र्याची शेड उभी राहिली. पोरं तिथंच झोपायची, तिथंच अभ्यास करायची आणि पावसाळ्यात तिथंच भिजायची. दुसरी इमारत मेसची. आज तिथं संस्थेचं कॉलेज आहे, पाच इमारती आहेत, लायब्ररी आहे, पुढं काचेची ऑफिसं आहेत आणि प्रत्येकीच्या दाराशी देणगीदाराची संगमरवरी पाटी आहे. मेसला तेवढी पाटी नव्हती.

कारण मेसला कुणी पैसाच दिला नव्हता. विटा दिल्या होत्या. एकलहऱ्याच्या बाजूला नदीकाठी भट्टी लावली आणि दहा-बारा वस्त्यांमधल्या बायांनी विटा पाडल्या. दिवसभर लोकांच्या शेतात राबून संध्याकाळी यायच्या, माती तुडवायच्या, साचे भरायच्या, भाजलेल्या विटा डोक्यावरून वाहायच्या. बाप्ये लोक भाषणं करायला पुढं होते, माती तुडवायला बाया. माझी आई त्यात होती. तेव्हा तिचं लग्न होऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं.

कुठल्या वस्तीची वीट कुठली, हे कळावं म्हणून ओल्या विटेवर खूण करायची रीत पडली. एका वस्तीनं तीन बोटं उमटवली, एकीनं अर्धा चंद्र काढला, एकीनं ज्वारीचं कणीस दाबलं. आमच्या वस्तीच्या बायांनी हातातली काचेची बांगडी दाबली. भिंत चढली तेव्हा गवंडी म्हणाला, आता गिलावा करू. बाया म्हणाल्या, खबरदार! पूर्वेची भिंत आतून तशीच राहील, आमच्या पोरांना आमची खूण दिसली पाहिजे. आणि ती राहिली तशीच.

पुढं त्याचा नेमच झाला. नव्या पोरानं पहिल्या दिवशी आपल्या वस्तीची खूण शोधायची आणि तिच्याखाली बसून पहिलं जेवण जेवायचं. कुणी गाव विचारायचं नाही. “तू कोणत्या खुणेखालचा?” एवढंच विचारायचे. मी अकराव्या वर्षी तिथं गेलो. बापानं ट्रंक ठेवली आणि पाठ फिरवून निघून गेला. मी रडतरडत मेसमध्ये शिरलो. एका मोठ्या पोरानं माझी मान धरून मला दाराजवळ नेलं आणि म्हणाला, “हे बघ तुझं घर, गिळ आता.” माझ्या डोक्याशी बांगडीची खूण होती. मी डाळीचा ओला हात तिच्यावर ठेवला. नंतर परीक्षेला जातानाही ठेवायचो. देवधर्म आमच्यात कुणी करत नव्हतं, पण ते करत होतो.

तर, मी इतिहास लिहितोय म्हटल्यावर आई हरखली. ऐंशी पार केलेली बाई, डोळ्यांना धड दिसत नाही, पण गल्लीत दारोदार जाऊन सांगून आली. संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसली.

“माझं नाव नको घालू,” म्हणाली. “माझ्याबरुबरच्या समद्या गेल्या, मी एकटी राह्यले. एकटीचं नाव बरं नाय दिसत. बायांनी विटा पाडल्या, एवढं लिही. लिहिशील ना?”

“लिहितो की.”

“आन् मला वाचून दाखव.”

“दाखवतो गं बाई.”

एक ओळ. उभ्या जन्मात तिनं माझ्याकडं मागितलेली एवढी एकच गोष्ट.

प्राचार्यांनी दिलेला तक्ता छापील होता. इमारतीचे नाव, देणगीदार, सद्यःस्थिती. मेसपाशी आलो आणि पेन अडलं. देणगीदाराच्या रकान्यात पन्नास-साठ बायांचं काय लिहिणार? त्यांच्या पावत्या नव्हत्या. रकाना दोन बोटांचा. खाली जोडपत्र लावता आलं असतं, एक पानभर. मी लावलं नाही. जागा नव्हती म्हणून नाही, आता खोटं कशाला बोलू? मला लाज वाटली. समितीवर मोठमोठे लोक येणार, पुण्या-मुंबईचे, सुटाबुटातले. त्यांच्यापुढं आम्ही अजून किती दिवस डोक्यावरच्या विटा आणि चिखलातल्या बाया दाखवत बसायचं? लायब्ररी आहे ना, ती बघा. कॉम्प्युटर आहेत, ते बघा. असं मनात आलं. ज्या भिंतीखाली वाढलो, तिचीच लाज वाटली मला! मी लिहिलं: देणगीदार, निरंक. सद्यःस्थिती, पूर्वेच्या भिंतीस आतून गिलावा नाही. खाली झोकदार सही ठोकली.

घरी आल्यावर आईनं विचारलं, “लिव्हलं?” म्हटलं, “लिहिलं. छापून आलं की वाचून दाखवतो.”

पुढचं सगळं कागदाप्रमाणं झालं. कागद तोच, अक्षर माझंच. प्राचार्यांनी तक्ता बघितला, मेसला देणगीदार नाही असं त्यांना दिसलं आणि त्यांनी एक देणगीदार गाठला. गंगापूर रोडला टॉवर बांधणारा बिल्डर. त्यानं फरशी दिली, टेबलखुर्च्या दिल्या आणि गिलावा करून दिला. दारावर त्याच्या वडिलांच्या नावाची पाटी लागली. हे मला कळलं ते उद्घाटनाची निमंत्रणपत्रिका आल्यावर. मी तस्सा रिक्षा करून कॉलेजात गेलो. भिंत गुळगुळीत, साय धरलेल्या दुधाच्या रंगाची. हात लावला तर बोटाला रंग लागला.

प्राचार्यांच्या केबिनमध्ये मी ओरडलोच. “सर, ती भिंत! तुम्हाला माहीत नव्हतं?”

“तुम्हीच लिहिलंत ना, गिलावा नाही म्हणून? आम्ही केला. आता आनंद मानायचा सोडून तुम्ही...”

“अहो, पण तुम्ही स्वतः अर्ध्या चंद्राखाली जेवलाय!”

ते हळूच म्हणाले, “आताच्या पोरांना नाही आवडत हो. फोटोत बरं दिसत नाही. आणि तुमच्या तरी कागदात खुणांचा शब्द होता का एक?”

नव्हता. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, तसा मी तिथं उभा होतो. त्यांनी चहा मागवला आणि मी तो प्यालो. तेही सांगतो, सगळंच सांगायचं तर.

कार्यक्रमाला आईला नेऊ नये असं फार वाटलं. पण ती दोन दिवस आधीच पातळ धुऊन, घडी करून बसली होती. नेली. बरोबर माझी नात, सातवीतली. टाळ्या झाल्या, शाली झाल्या, बिल्डरनं शिक्षणाचं महत्त्व सांगितलं. मग लोक जेवायला मेसकडं निघाले, आणि आई नातीचा हात सोडून पुढं झाली. तिला वाट ठाऊक होती. दाराच्या आत गेली, डावीकडं वळली आणि पोराच्या डोक्याच्या उंचीवर भिंत चाचपू लागली. एकदा वर, एकदा खाली. पुन्हा वर. मागं रांग थांबली.

“आरं, डोळे गेले माझे,” ती म्हणाली. “हातालाबी लागंना. कुठंशी हाय रे?”

“गिलावा केलाय, आई. आत आहे ती.”

“कुणी कराया सांगितला?”

मी म्हणालो, “समितीनं.”

तिनं मान हलवली. हाताला लागलेला रंग पदराला पुसला आणि खुर्चीवर बसली. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात एक मुलगी “इमारतींचा इतिहास” म्हणत प्रत्येकाला पुस्तिका वाटत आली. चकचकीत, रंगीत फोटोंची. आई एकदम सावरून बसली.

“पोरी, हेच ना तुझ्या आज्यानं लिव्हलेलं? वाच बरं. मेसचं वाच.”

“आई, घरी गेल्यावर...”

“तू गप. ती वाचंल.”

नातीनं पान काढलं आणि शाळेत वाचतात तसं खणखणीत वाचलं. “इमारत क्रमांक दोन, भोजनगृह. मूळ बांधकाम, देणगीदार, निरंक. नूतनीकरण...” पुढं बिल्डरच्या वडिलांचं नाव होतं, तेही वाचलं.

“आन् बायांचं?”

“एवढंच आहे पणजी.”

“ते निरंक का काय, तेच आसंल. म्हंजी काय गं?”

नात इंग्रजी शाळेतली, तिला काय कळणार. तिनं माझ्याकडं बघितलं. आईनंही तोंड माझ्या दिशेनं वळवलं. पलीकडच्या टेबलावर कुणीतरी जिलेबी मागत होतं.

“म्हणजे काही नाही, आई,” मी म्हणालो. “म्हणजे कुणीच काही दिलं नाही.”

ती मान खाली घालून मला एकट्याला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाली, “मंग मी डोक्यावर काय वाह्यलं रे?”